स्वारीचा थाट

स्वारी फोटोत उंच दिसते. समोर उभं राहिलं की ती तितकी उंच नाही हे कळतं, पण तोवर आपण गाडीतून उतरलेलो असतो, बॅग कोणीतरी उचलून आत नेलेली असते आणि कपाळाला कुंकू लागलेलं असतं. स्वारी म्हणजे पुण्याच्या पूर्व भागातलं एक नव्याने गाजलेलं हॉटेल. नाव घेत नाही. माणसांची शब्दचित्रं लिहितात तसं हिचं लिहावं असं वाटलं, कारण हिचा स्वभाव मला एका मुक्कामात जितका कळला, तितका काही नातेवाइकांचा चाळीस वर्षांच्या संसारात कळलेला नाही.

बहुतेकांचा जन्म आधी होतो आणि नाव मागून होतं. हिचं उलटं. भिंतींना रंग लागायच्या आधीपासून हिच्या रील फिरत होत्या. कोणीतरी मुलगी पांढऱ्या झग्यात गच्चीवरच्या तलावाशी पाठमोरी उभी, मागे मावळता सूर्य, खाली गाणं. आमच्या मुलाने ती रील सुनेला दाखवली, सुनेने तिच्या बहिणीला, आणि आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दोघांनी मिळून आम्हाला तिथली एक रात्र भेट दिली. आम्ही राहतो कासार आंबोलीला, पौड रस्त्यावर, पिरंगुटच्या पुढे. शनिवार आला की पुण्याची माणसं चांदणी चौकातून निघतात, भूगाव, भुकूम, पिरंगुट करत आमच्या दारावरून मुळशी-ताम्हिणीकडे जातात; का, तर शांत झोप मिळते म्हणून. शनिवारी त्या सगळ्या गाड्यांच्या विरुद्ध दिशेने, झोपायला पुण्यात जाणारे आम्ही दोघेच असू. चांदणी चौकात आता नव्या पुलांचा गुंता झाला आहे. जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात पाडला तेव्हा तो बघायला आमच्याकडची पोरं रात्री दोन वाजेपर्यंत जागी होती. हे सोडा, स्वारीकडे येते.

तिचा चेहरा देखणा आहे, हे कबूल केलंच पाहिजे. लॉबी दोन मजले उंच. छतापासून लोंबणारे पितळी दिवे, कोपऱ्यात खरं वाटावं इतकं चांगलं खोटं झाड, हवेत लिंबू-गवताचा वास. वास कुठून येतो म्हणून आमचे हे शोधत होते. पिरंगुटच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं, त्यामुळे कुठेही गेले की आधी नळ, वायर आणि झडपा बघतात. त्यांना एसीच्या जाळीमागे वास सोडणारं छोटं यंत्र सापडलं तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर थोडा उतरला. एका भिंतीवर दिव्यांचे पंख काढलेले, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा. तिथे रांग होती. चेक-इनच्या काउंटरवर रांग नव्हती, तिथे माणूसही नव्हतं.

स्वारीच्या बोलण्यात मराठी येत नाही असं नाही, पण ती जपून वापरते. नाश्त्याला ती नाश्ता म्हणत नाही, खोलीला खोली म्हणत नाही. ‘अनुभव’ हा तिचा आवडता शब्द. पलंगाशेजारच्या कार्डावर उशांचा अनुभव होता, खाली स्पाचा अनुभव होता, आणि लिफ्टमध्ये चिकटवलेल्या चित्राप्रमाणे गच्चीवर सूर्यास्ताचा अनुभव होता. तो सूर्यास्त आमच्याकडे अंगणात होतो, आणि त्याला किमान बिलाची अट नाही.

घराण्याबद्दल विचारलं तर ती विषय बदलते. हॉटेलांना तारे देणारी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची एक समिती आहे. हॉटेलने स्वतः अर्ज करायचा, समितीने येऊन खोल्या, न्हाणीघरं, स्वयंपाकघर, आगीची सोय तपासायची, मग तारे द्यायचे. तेही पाच वर्षांपुरते. अर्ज करणं सक्तीचं नाही. म्हणून अलीकडे बऱ्याच जणी त्या वाटेला जात नाहीत आणि आपल्या नावापुढे ‘लक्झरी’ किंवा ‘बुटीक’ लावतात. या शब्दांना ना समिती, ना मुदत, ना मोजपट्टी. पंचतारांकित व्हायचं तर न्हाणीघर सोडून खोली किमान २०० चौरस फुटांची लागते. यांनी बूट काढायच्या आधी फरशा मोजल्या. दोन बाय दोनची फरशी, लांबीला सात, रुंदीला पाच. म्हणजे १४०. स्वारीने पाच तारे सांगितलेच नव्हते, त्यामुळे खोटं बोलली असं म्हणता येत नाही. फोटो खोलीच्या अगदी कोपऱ्यातून, रुंद भिंगाने काढला होता, आणि भिंगाचा खोटेपणा कुठल्या कायद्यात बसतो ते मला ठाऊक नाही.

न्हाणीघराची भिंत काचेची होती. मला वाटलं ही परदेशी लाजलज्जेची काही पद्धत असेल. यांनी खुलासा केला. काच लावली की उजेड आरपार जातो, पलीकडची जागा अलीकडे मोजली जाते, आणि १४० फुटांची खोली फोटोत २०० फुटांची दिसते. पडदा होता, पण त्याची दोरी बाहेरच्या बाजूला. म्हणजे आत कोणी असताना पडदा ओढायचा की नाही हे बाहेरच्याने ठरवायचं. चाळीस वर्षांच्या संसाराला त्याचं काही वाटत नाही, पण मित्र-मित्र किंवा आई-मुलगा म्हणून उतरलेल्यांनी काय करायचं?

खरी गंमत सकाळी झाली. बादली नाही, तांब्या नाही, नुसता छतातून पडणारा पाऊस-शॉवर. मुगाच्या डाळीवर पाणी शिंपडावं तसा तो पडत होता, आणि थंड. फोन केला. ‘मॅम, पाच मिनिटं सोडून ठेवा, येईल.’ पाच मिनिटं म्हणजे किती पाणी, हा हिशेब आमच्यासारख्यांच्या डोक्यात आपोआप होतो. उन्हाळ्यात आमच्या वाड्या-वस्त्यांवर टँकर येतो. मी बादली मागितली. हाउसकीपिंगचा मुलगा जरा थांबून एक लाल बादली घेऊन आला, जिच्यात बहुधा तासाभरापूर्वी पोछा होता. ती धुऊन तिच्यात थंड पाणी साठवलं, आणि यांनी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत मला शिकवणी दिली. गरम पाण्याची टाकी गच्चीवर. तिथून पाइप खाली. रात्रभर कोणी नळ सोडला नाही की पाइपातलं पाणी निवतं. चांगल्या ठिकाणी परतीची एक वेगळी लाइन टाकतात आणि छोट्या पंपाने पाणी सतत फिरतं ठेवतात, म्हणजे नळ उघडला की लगेच गरम. ही लाइन भिंतीच्या आत असते, कोणाला दिसत नाही. ‘म्हणून टाकली नाही,’ हे म्हणाले. ‘जे दिसत नाही त्यावर हिने रुपया खर्च केलेला नाही. पितळी दिवे मोज आणि व्हॉल्व्ह मोज.’

हेच रात्रीबद्दल. स्वारीला डोळे भरपूर आहेत, प्रत्येक मजल्यावर कॅमेरा. कान मात्र दिलेलेच नाहीत. शेजारच्या खोलीतल्या माणसाचा कर्जाचा हप्ता थकला आहे हे मला आता माहीत आहे. दोन खोल्यांमधली भिंत विटांची नव्हती. पत्र्याच्या चौकटीला दोन्हीकडून जिप्समचे तक्ते ठोकलेले, आणि आत लोकर भरायची ती बहुधा राहून गेलेली. दाराखाली बोटभर फट. खोली गच्चीच्या बरोबर खाली, आणि गच्चीवर तोच तो सूर्यास्ताचा अनुभव, जो सूर्य मावळल्यावर सुरू होत होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नको, आणि व्यापारी भागातही रात्रीची मर्यादा ५५ डेसिबलची. दहा वाजले तसा आवाज खरंच कमी झाला. पण ढोलाचा खालचा ठोका कमी होत नाही, तो काँक्रीटमधून उतरतो आणि पलंगाच्या पायातून वर चढतो. रिसेप्शनला कळवलं. स्वारीने अत्यंत नम्रपणे कानातले बोळे पाठवले, मखमली पिशवीत, वर तिचं चिन्ह छापलेलं. म्हणजे तक्रार येणार हे ठाऊक होतं आणि तिची तयारीही होती.

त्या पिशवीकडे बघताना मला स्वारीचं गुपित कळलं. हॉटेल विकतं ती वस्तू म्हणजे झोप. बाकी सगळं तिच्या मागून. पण झोपेचा फोटो निघत नाही. शांततेचा निघत नाही, नळातून लगेच आलेल्या गरम पाण्याचा निघत नाही, जाड भिंतीचा निघत नाही. ज्यांचा निघतो ते दिवे, पंख आणि तलाव स्वारीकडे भरपूर आहेत. तो तलाव, जाता जाता सांगते, चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने बाहेर थांबावं एवढा आहे. पाठमोरी मुलगी एकटी का होती याचा उलगडा तिथे झाला.

गाजलेल्या हॉटेलात जागरण करणारे आम्ही पहिले नाही. १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन मुंबईला आला आणि वॉटसन्स हॉटेलात उतरला. त्या वेळी शहरात याहून मानाचं हॉटेल नव्हतं. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणलेला, आणि आत फक्त गोऱ्यांना प्रवेश. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा तिथेच दाखवली गेली. अशा ठिकाणी राहून ट्वेनने पुढच्या वर्षीच्या आपल्या प्रवासवर्णनात काय लिहावं? पहाटेपासून नोकरांची आरडाओरड, दारांची आदळआपट, आणि कावळे. कावळ्यांवर तर त्याने असं खुलून लिहिलं आहे की हॉटेल विसरतं आणि कावळे लक्षात राहतात. १९०३ला ताज उघडलं आणि वॉटसन्सचा तोरा उतरला. आज काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन म्हणून उभी असलेली जीर्ण इमारत तीच. मला त्यातली मजा अशी वाटते की ट्वेनला कोणी अभिप्राय मागितला नव्हता, त्यामुळे त्याचा अजून टिकून आहे.

जेवणाच्या बाबतीत स्वारी आमच्यावर थेट घसरली. रात्रीच्या मेन्यूत एक पदार्थ होता, त्याच्या नावात मुळशीचा आंबेमोहर. आमच्या तालुक्याचं नाव, सोनेरी अक्षरात. मला आनंद झाला हे खरं सांगते. मागवला. पांढऱ्या खोल ताटलीत मधोमध मूठभर भात, वर चीज, वर फुलाची पाकळी. मी वास घेतला. आंबेमोहराचा भात शिजत असला की वास तीन घरं ओलांडतो, मोहर फुटलेल्या आमराईत उभं राहिल्यासारखं होतं. दाणा आखूड, गोलसर. इथे दाणा लांबट आणि वास चीजचा. फार तर इंद्रायणी असेल. इंद्रायणीला मी नावं ठेवत नाही. आम्ही रोज तोच खातो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ला आलेला, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर, म्हणजे आंबेमोहराचंच पोर. त्याचं उत्पन्न जास्त, बुटका असल्याने वाऱ्या-पावसात लोळत नाही. आंबेमोहर उंच वाढतो, शेवटच्या पावसात आडवा होतो, महिने जास्त घेतो आणि एकरी पोती कमी देतो. म्हणून लावणारे कमी झाले, आणि म्हणून त्याच्या नावाला भाव आला. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, हा तांदूळ कुठून येतो रे? तो आत जाऊन आला. ‘मॅम, शेफ म्हणतात मुळशीचाच आहे.’ मी म्हटलं, ‘बाळा, मी मुळशीचीच आहे.’ तो हसला. त्याला काय उत्तर द्यायचं हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

तसं पाहिलं तर आमच्या बाजूलाही साधू-संत राहत नाहीत. पौड रस्त्याला ज्या पाट्या आहेत त्यांतल्या निम्म्यांवर ‘मुळशी’ लिहिलेलं असतं आणि पुण्याचा माणूस तलाव समजून येतो. धरण आमच्यापासून पुढे, पौडच्याही पलीकडे. ‘मुळशी’ हे तालुक्याचंही नाव आहे, त्यामुळे हिंजवडीच्या आयटी कंपन्यासुद्धा कागदोपत्री मुळशीतच. पत्र्याची शेड, दोन प्लास्टिकचे हत्ती आणि फुगवलेला तलाव यांना फार्म-स्टे म्हणणारे आमच्या ओळखीत आहेत. पण ते निदान बादली देतात.

पैशाच्या बाबतीत स्वारी हुशार. खोलीचं भाडं ७४९९. हा आकडा उगाच निवडलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के आणि त्यावर गेलं की १८. रेषेच्या आत पाय ठेवून उभं राहायचं आणि राहिलेलं खाण्यापिण्यातून काढायचं. पाण्याची बाटली छापील किमतीच्या कितीतरी पट. यांनी भुवया उंचावल्या, पण इथे स्वारीचं बरोबर होतं. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, कारण माणूस तिथे नुसती बाटली विकत घ्यायला जात नाही, बसायला, वाढून घ्यायला जातो. बरोबर नव्हतं ते त्याच्या खालच्या ओळीत. सेवाशुल्क, दहा टक्के. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२लाच सांगितलंय की हे बिलात आपोआप लावायचं नाही, द्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘एवढं काढा.’ वाद नाही, चर्चा नाही, दोन मिनिटांत नवं बिल आलं. इतक्या चटकन तिथे दुसरी कुठलीच गोष्ट मिळाली नव्हती.

आता त्या वाढणाऱ्या मुलाबद्दल. परभणीकडचा. निघताना तो लॉबीत हळूच जवळ आला आणि फोन पुढे करून म्हणाला, ‘आजी, पाच स्टार द्या ना. आणि माझं नाव लिहा. महिन्याला टार्गेट असतं.’ मॅम गेलं आणि आजी आलं, तिथे मी विरघळले. यांच्या लक्षात आलं. ‘अगं, त्याला वेगळे पैसे दे, तारे नको,’ असं म्हणून ते गाडी बघायला गेले.

म्हणजे स्वारीची कीर्ती अशी उभी राहते. पाच तारे गिऱ्हाईक देत नाही, ते पोरांच्या पगाराला बांधलेले असतात, आणि पाहुण्याच्या दयेतून वसूल होतात. लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर नावाच्या एका पत्रकाराने आपल्या अंगणातल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून नोंदवलं, दाढीच्या फेसाचे आणि कसल्याशा गोळ्यांचे पदार्थ सजवून फोटो टाकले, मित्रांकडून स्तुती लिहवून घेतली, आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझरच्या यादीत ती शेड लंडनमध्ये पहिली आली. जेवायला एकही ताट वाढलेलं नसताना. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये अशा अभिप्रायांसाठी मानक आणलं, आयएस १९०००. लिहिणारा खरा आहे का हे तपासा, विकत घेतलेली स्तुती छापू नका, वाईट मत दडपू नका, असा त्याचा सारांश. पाळणं मात्र ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक गृहपाठ किती मुलं करतात, हे मी वर्गात तीस वर्षं बघितलंय.

त्या वाढणाऱ्या मुलाला मी पैसे दिले आणि घरी येऊन अभिप्राय लिहिला. सून म्हणाली, ‘आई, दोनच तारे? आम्ही भेट दिली होती ना.’ तिला समजावलं की भेट तुमची, तारे त्यांचे. लिहिलं ते असं: गादी चांगली, चादरी स्वच्छ, वाढणारी मुलं गुणी आणि त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का ते मालकांनी पाहावं. गरम पाणी उशिरा येतं, परतीची लाइन टाका. बादली-तांब्या ठेवा. काचेच्या पडद्याची दोरी आत घ्या. मुळशीचा आंबेमोहर म्हणून जो भात वाढता तो आंबेमोहर नाही. खरा हवा असेल तर कळवा, दिवाळीनंतर मिळेल. गच्चीवरच्या संगीतामुळे रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी स्वारीचं उत्तर आलं, तळाशी सही ‘गेस्ट डिलाइट टीम’ अशी. आमच्या मौल्यवान शब्दांबद्दल तिने मनापासून आभार मानले होते. आंबेमोहराची डिश आवडल्याचं वाचून शेफला विशेष आनंद झाला होता, आणि गच्चीवरचं संगीत आमच्या रात्रभर स्मरणात राहिलं याचा संपूर्ण टीमला अभिमान वाटत होता.